प्लास्टिकच्या मॉडेलवरचा खरखरीत प्रायमर कसा काढावा

स्प्रे प्रायमर (रंगाआधी मारायचा अस्तराचा थर) फार लांबून किंवा कडक उन्हात मारल्यास थेंब हवेतच सुकतात आणि मॉडेल विमानाच्या पंखावर बारीक रव्यासारखा थर बसतो.

खरखर थोडीच असेल, तर प्रायमर उतरवण्याची घाई करू नये. तो पूर्ण वाळू द्यावा आणि 1000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून अगदी हलक्या हाताने फिरवावा, म्हणजे रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) रेषाही शाबूत राहतात.

थर जाड असून पॅनेलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) रेषा बुजल्या असतील, तर झाकणाच्या डब्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन सुटा भाग त्यात बुडवावा, तासा-दोन तासांनी काढून जुन्या मऊ टूथब्रशने घासावा आणि प्रायमर चिवट निघाल्यास पुन्हा बुडवावा. शेवटी भांड्यांच्या साबणाने धुऊन भाग पूर्ण वाळवावा. हे काम खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून आणि गॅसपासून दूर करावे. कॉकपिटची पारदर्शक काच मात्र बुडवू नये, तिला तडे जाऊ शकतात.

अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर किंवा हार्डवेअरच्या दुकानातला थिनर कधीही वापरू नये. त्याने प्रायमरसोबत मॉडेलचे प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीनही विरघळते आणि तो भाग पुन्हा दुरुस्त होत नाही.