पुण्यात सायकलने ऑफिसला जाताय? या चुका टाळा

दर जानेवारीत आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार-दोन नव्याकोऱ्या सायकली दिसतात. होळीपर्यंत त्यांच्यावर धूळ बसते. कारणं दर वर्षी तीच.

सर्वांत घातक सवय म्हणजे रस्त्याची डावी कड धरून चालवणं. नवख्याला वाटतं, कडेला राहिलं की कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पण कडेला असतं काय? चेंबरची झाकणं, वाळू, काचा आणि उभ्या मोटारी. कर्वे रस्त्यावर आमच्यातलाच एक तरुण माझ्या पुढे असाच गाड्यांना घासून चालला होता. ‘‘अरे, जरा बाहेर ये!’’ म्हणून ओरडलो, तर म्हणतो, ‘‘काका, मागून बस येतेय!’’ तेवढ्यात एका मोटारीचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं. हँडल दारात अडकलं आणि हा थेट बससमोर. बसवाल्याने करकचून ब्रेक मारला, म्हणून मनगटावर निभावलं. मोटारवाला उतरला आणि आधी दाराचा पत्रा बघू लागला.

दार पूर्ण उघडलं की मीटरभर बाहेर येतं. तेवढी जागा सोडा आणि सरळ रेषेत चालवा. गाड्यांमधल्या रिकाम्या जागेत आत-बाहेर करू नका. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. निदान त्याने तुम्हाला पाहिलंय. मी उभ्या गाडीच्या मागच्या काचेतून आत डोकं दिसतंय का ते बघत जातो.

सिग्नलला बसच्या डाव्या अंगाने पुढे घुसणं तर बंदच करा. बस डावीकडे वळताना तिची मागची चाकं कडेकडे येतात.

सायकल ट्रॅकच्या भरवशावर घर सोडू नका. शहराचा सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, पण ट्रॅकवर आजही दुचाक्या उभ्या असतात.

दुसरं माझं दुखणं म्हणजे सीट. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून ती पार खाली ठेवतात, मग गुडघे धरले की दोष सायकलला. पॅडल सर्वांत खाली आणून त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, एवढं शिकायला एक रविवार पुरतो. पण धीर कुणाला आहे?

हवा टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरा, अंगठ्याने दाबून नव्हे. इअरफोन खिशात. मागे लाल दिवा हवाच. पावसात झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि लोखंडी झाकणांवर वळू नका, सायकल सटकते.

आणि मोटारीचा रस्ता तो सायकलचा रस्ता नव्हे. नळ स्टॉपवरून डेक्कन गाठायचं तर मी लॉ कॉलेज रस्त्याने प्रभात रस्त्याच्या बाजूला शिरतो. झाडं आहेत, गर्दी कमी. चार मिनिटं जास्त जातात म्हणून कुरकुरणाऱ्यांनी खुशाल बाइक काढावी.