किल्ली देण्याचा दिवस: स्वतःचं घर स्वतः भाड्याने देणाऱ्यांसाठी

आईनंतर तिची दोन घरं माझ्याकडे आली. कुणी म्हणालं विकून टाक, कुणी म्हणालं एजंटाच्या ताब्यात देऊन मोकळी हो. मी यातलं काहीच केलं नाही. गेली 14 वर्षं नोकरी सांभाळून मी ती स्वतःच भाड्याने देते आहे. नव्याने घर भाड्याने द्यायला निघालेलं कुणी विचारायला आलं की बोलणं हटकून भाडं किती आणि करार कसा इथूनच सुरू होतं. मी मात्र आधी किल्ली देण्याच्या दिवसाबद्दल बोलते. पुढच्या भांडणांपैकी बरीचशी त्या एका तासात मिटवता येतात, हे मला फार उशिरा कळलं.

सामान यायच्या आधी, घर पूर्ण रिकामं असताना, भाडेकरूला बरोबर घेऊन फिरायचं. मुख्य दारापासून सुरुवात करून मोबाइलवर न थांबवता एक व्हिडिओ काढायचा: प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, छत, खिडक्यांच्या चौकटी, सिंकखालचं कपाट. मग विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचा फोटो, आकडा नीट वाचता येईल असा. प्रत्येक नळ सोडून बघायचा, फ्लश करून बघायचा, एकेक स्विच दाबायचा. किल्ल्या किती दिल्या ते लिहायचं. ही यादी दोन प्रतींत करून दोघांनी सही करायची आणि फोटो त्याच दिवशी ईमेलने भाडेकरूला पाठवायचे, म्हणजे तारीख दोघांकडेही राहते.

एका घरात अशीच यादी करत होते. येणारी मुलगी ओट्याजवळ गुडघ्यावर बसली, फरशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "काकू, ही चीर आधीचीच आहे, लिहून घ्या." केसाएवढी चीर होती, मला कधी दिसलीच नव्हती. मी लिहून घेतली. 4 वर्षांनी घर सोडताना तीच मला ओट्यापाशी घेऊन गेली. गरम भांडं टेकून पडलेला काळा डाग दाखवून म्हणाली, "हा माझ्या हातचा." त्या डागावरून आमच्यात एक शब्दही वाढला नाही. लिहून ठेवणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास, असं पुष्कळांना वाटतं. माझा अनुभव नेमका उलटा आहे. जे लिहिलेलं असतं त्यावर संशय घ्यायला जागाच उरत नाही.

आता तक्रारींचं. या बाबतीत मी एकदा मोठी चूक केली आहे. पहिल्या घरातल्या भाडेकरूने फोन करून सांगितलं की बेडरूममध्ये कपाटामागे ओल दिसते आहे. मी "बघते" म्हणाले आणि 3 आठवडे गेलेच नाही. गेले तेव्हा कपाट सरकवलं, भिंतीला हात लावला, तर रंगाचा पोपडा निघून माझ्या तळहातावर आला. मागचा गिलावा बोटाने दाबला तरी आत जात होता. पलीकडे बाथरूम होतं आणि शॉवरखालच्या टाइल्समधल्या फटींतला भराव झिजून पाणी आत मुरत होतं. वेळेवर गेले असते तर फटी भरून काम भागलं असतं. आता गिलावा काढून भिंत वाळवून पुन्हा रंगवावी लागली. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की त्या 3 आठवड्यांत त्यांचं लहान मूल त्याच खोलीत झोपत होतं.

तेव्हापासून तक्रार आली की त्याच दिवशी उत्तर देते, कारागीर लगेच मिळाला नाही तरी. "उद्या संध्याकाळी येते" एवढं कळलं तरी माणूस निश्चिंत होतो.

कारागिराला बोलावण्याआधी काही गोष्टी तुम्ही स्वतः तपासू शकता. ओल आतून येते आहे की खोलीतल्या दमट हवेमुळे धरते आहे हे कळत नसेल, तर भिंत पुसून वाळवा आणि त्या जागी अॅल्युमिनियमच्या फॉइलचा चौकोनी तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून 2 दिवस ठेवा. खोलीच्या बाजूला थेंब जमले तर हवा खेळती करायला हवी. भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतूनच येतं आहे. पाण्याचं बिल अचानक वाढलं तर घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघा. काटा तरीही फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्या. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. रंग कमोडमध्ये उतरला की आतली झडप बदलायची वेळ झाली. मोठ्या दुरुस्तीचं वाटलेलं काम असं कितीदा तरी छोट्याशा रबरावर निभावलं आहे.

दोन गोष्टींत मात्र स्वतः प्रयोग करू नका: गॅस आणि वीज. गॅसवर चालणारा गीझर बंद बाथरूममध्ये कधीही नको. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. आतल्या माणसाला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी करून घ्या आणि तिची पावती जपून ठेवा. विजेच्या बोर्डात गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच आहे ना, हे नक्की पाहा. माणसांच्या सुरक्षेसाठी तो सहसा 30 मिलिअँपिअरचा असतो. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघायला भाडेकरूला शिकवा. आपल्या भिंतींच्या आत कुणीतरी आपल्या भरवशावर झोपतं, ही जबाबदारी मला भाड्याच्या रकमेहून मोठी वाटते.

भाडं वाढवण्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. महिन्याचं भाडं 100 धरा, म्हणजे वर्षाचे 1200. तुम्ही ते 108 केलं, चांगला भाडेकरू सोडून गेला आणि घर एक महिना रिकामं राहिलं, तर हातात येतात 11 महिन्यांचे 1188. वाढवूनही कमीच, शिवाय रंगरंगोटी आणि नवा माणूस शोधण्याची धावपळ वेगळी. म्हणून वेळेवर भाडं देणाऱ्या, घर जपणाऱ्या माणसासाठी मी बाजारभावापेक्षा थोडं खाली राहते. हा उदारपणा नाही, साधा हिशेब आहे. आणि आलेल्या भाड्यातला काही भाग दर महिन्याला दुरुस्तीसाठी बाजूला काढा. गीझर बिघडतो तो कधी सांगून बिघडत नाही.

माणूस निवडताना मी पोटापाण्याची चौकशी करते: उत्पन्न नियमित आहे का, भाडं त्याच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत बसतं का. आधीच्या घरमालकाशी बोलते, पण जमलं तर त्याच्याही आधीच्या मालकाशी. सध्याच्या मालकाला माणूस जायला हवा असेल तर तो गोडच बोलणार. जात, धर्म, ताटात काय असतं, एकटी बाई आहे का, या गोष्टी मी विचारत नाही आणि तुम्हीही विचारू नका. त्यावरून भाडं वेळेवर येईल की नाही हे कळत नाही, आणि ज्याला नाकारलं जातं त्याच्या मनाला ते कायमचं लागतं.

करार तोंडी ठेवू नका, ओळखीतला असला तर मुळीच नाही. भाड्याची तारीख, अनामत रक्कम, नोटिशीची मुदत, कोणती दुरुस्ती कुणाकडे, एवढं तरी स्वच्छ लिहिलेलं हवं. आपल्या भागातला भाडेकायदा जाणणाऱ्या वकिलाकडून तो एकदा वाचून घ्या. कर आणि विम्याचंही तसंच: भाडेकरू राहतो हे विमा कंपनीला कळवलेलं असू द्या, खर्चाच्या पावत्या तारखेनुसार लावा.

घर तुमच्या नावावर असलं तरी ताबा भाडेकरूचा असतो, हे नव्या मालकांना पचवायला सगळ्यात जड जातं. मलाही गेलं. आईचं घर, तिथे बेल वाजवून दारात थांबायचं? पण थांबायचंच. तपासणीला जायचं तर किमान 24 तास आधी कळवून, त्यांच्या सोयीची वेळ विचारून. आग किंवा पाइप फुटणं एवढाच अपवाद.

भाडं थकलं तर पहिल्याच आठवड्यात बोला. एकदा एका भाडेकरूची नोकरी गेली होती आणि तो लाजेने फोन उचलत नव्हता. समोर बसल्यावर थकबाकी 5 हप्त्यांत फेडायचं ठरलं, तसं कागदावर लिहिलं, आणि त्याने ते पाळलं. सगळेच पाळत नाहीत. तेव्हाही पाणी-वीज तोडणं किंवा कुलूप बदलणं असले मार्ग धरू नका. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे आणि तुमचा दावा खरा असूनही तुम्हीच आरोपी होता. लेखी नोटीस द्या आणि रीतसर मार्गाने जा.

घर सुटताना तीच जुनी यादी हातात घेऊन पुन्हा त्याच क्रमाने फिरायचं. वापराने झालेली झीज मालकाची, मोडतोड भाडेकरूची. भिंतीच्या रंगाचं आयुष्य 5 वर्षं धरलं आणि भाडेकरूने तो 3 वर्षांनी खराब केला, तर पूर्ण खर्च मागता येत नाही. उरलेल्या 2 वर्षांचा, म्हणजे दोन पंचमांश भागच त्याच्याकडून घ्यायचा. हिशेब बिलांसह लेखी द्यायचा आणि उरलेली अनामत ठरलेल्या तारखेला परत करायची. तो पैसा आपला नसतोच, म्हणून मी तो वेगळ्या खात्यात ठेवते.

माणसं गेली की दाराच्या कुलपाचा आतला भाग बदलून घेते. किल्ल्यांच्या किती प्रती निघाल्या होत्या ते कुणालाच ठाऊक नसतं. घर रिकामं राहणार असेल तर दर दोन आठवड्यांनी जाऊन प्रत्येक न्हाणीच्या जाळीत आणि बेसिनमध्ये मगभर पाणी ओतते. खालच्या वाकड्या पाइपातलं पाणी आटलं तर गटाराचा वास घरभर पसरतो आणि घर बघायला आलेला माणूस दारातूनच मागे फिरतो. मग खिडक्या उघडते, मीटरपाशी जाते आणि आकडा वहीत तारखेसह लिहिते.