छातीत दुखतंय? आधी १०८ लावा
छातीच्या मधोमध आवळल्यासारखं दुखणं, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत सरकणं, दरदरून घाम. बसूनही हे काही मिनिटांत थांबलं नाही तर हार्ट अटॅकच समजा. मधुमेही, बायका, वयस्कर माणसं यांच्यात छाती दुखेलच असं नाही. नुसती धाप, मळमळ, एकाएकी गळून जाणं. इथेच घात होतो. ‘पित्त झालंय’ म्हणत सोडा-ओव्यात रात्र जाते आणि हृदयाचा स्नायू मरत राहतो.

रुग्णाला टेकून बसवा, चालवू नका, मोटारसायकलवर तर मुळीच नेऊ नका. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर १०८ च्या डॉक्टरांना विचारून अ‍ॅस्पिरिन ३०० मिग्रॅ चावून खायला द्या. सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची गोळी) मनाने देऊ नका, रक्तदाब कोसळतो.

जत, आटपाडीहून सांगली-मिरज लांब पडते. अँजिओप्लास्टी (बंद पडलेली हृदयाची रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) १२० मिनिटांत होणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळ कुठे मिळेल ते विचारा. रुग्णालयात पोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. तो नॉर्मल आला तरी परतू नका. दुखत असेल तर पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिन तपासणीचा (हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) आग्रह धरा.

शुद्ध हरपली, श्वास थांबला, तर छातीच्या मध्यावर ५ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा.