मूल सहावीला जाण्याआधी घरात होणाऱ्या या चुका टाळा

मे महिना लागला की पालकांचे फोन सुरू होतात. "बाई, आता सहावी. कुठला क्लास लावायचा?" क्लासचं नंतर बघू. सहावीत गडबडणारी बहुतेक मुलं अभ्यासात कच्ची नसतात. पाचवीपर्यंत बऱ्याच शाळांत एकच बाई दिवसभर वर्गावर असतात. कुणाची वही अपुरी आहे, कुणी प्रयोगाचं सामान आणलं नाही, हे सगळं त्यांच्या ध्यानात असतं. सहावीत तास संपला की शिक्षक बदलतात. परिसर अभ्यासाची दोन पुस्तकं जातात आणि सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र, भूगोल अशी तीन येतात. प्रत्येकाची वही वेगळी, तपासणारे वेगळे. ज्या शाळांत पाचवीपासूनच हायस्कूल आहे, तिथे हे एक वर्ष आधी होतं. आता सगळं मुलानेच लक्षात ठेवायचं असतं, आणि नेमकं तेच त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

गृहपाठ आईच्या मोबाईलवर

ही चूक दरवर्षी बघते आणि दरवर्षी जीव जळतो. रात्री साडेनऊला पालकांच्या ग्रुपवर मेसेज येतो, "भूगोलाचा गृहपाठ काय आहे? कुणीतरी वहीचा फोटो टाका प्लीज." दहा मिनिटांत फोटो येतो, आई वाचून दाखवते, मूल उतरवून घेतं. मग वर्गात फळ्याकडे बघण्याची त्याला गरजच काय?

आमच्या वर्गात एक हुशार मुलगा होता. अक्षर मोत्यासारखं, प्रश्न विचारला की हात पहिला वर. एकदा त्याच्या आईचा फोन बिघडून दुरुस्तीला गेला आणि त्या आठवड्यात त्याचा एकही गृहपाठ पूर्ण झाला नाही. विज्ञानाच्या तासाला विचारलं तर तो म्हणाला, "बाई, ग्रुपवर बघता आलं नाही." स्वतःच्या कानांनी वर्गात ऐकलेलं त्याला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले, ते गृहपाठ रोज ग्रुपवर टाका म्हणायला. मी स्पष्ट नकार दिला आणि मुलाच्या हातात शंभर पानी छोटी वही ठेवली. प्रत्येक तासाच्या शेवटी एक ओळ लिहायची: विषय, काम, कधीपर्यंत.

सुरुवातीला तो नुसतं "पान १२" लिहायचा. घरी गेल्यावर कुठल्या पुस्तकाचं पान ते कळायचं नाही. आईचा हात फोनकडे जायचा. तिला मी एवढंच सांगितलं, की आठवत नसेल तर राहू दे, उद्या तो मला स्वतः सांगेल. दोनतीनदा मान खाली घालून सांगावं लागलं. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याच्या वहीत ओळ होती: "विज्ञान, स्वाध्याय प्र. ३, शुक्रवार." झालेल्या कामावर बरोबरची खूण. एवढंच हवं होतं.

ही वही चौथीपासूनच द्या. ॲप नको, महागडा प्लॅनरही नको. आणि मुलाची वही रोज तपासत बसू नका, आठवड्यातून एकदा त्याच्याबरोबर बसून चाळा.

दप्तर आईने भरणं

काही राहायला नको म्हणून सगळीच पुस्तकं कोंबली जातात. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा शासन निर्णय २०१५ मध्येच झाला आहे. म्हणजे तीस किलोच्या मुलाला तीन किलो. वेळापत्रक दप्तराच्या जागेवर भिंतीला चिकटवा. रात्री जेवणाआधी मुलाने स्वतः भरायचं, सकाळी हात लावायचा नाही. कंपास राहिला तर शाळेत नेऊन द्यायला धावू नका. डबा राहिला तर मात्र जरूर धावा.

गणित वाचून दाखवणं

"बाई, गुणायचं की भागायचं?" हा प्रश्न सहावीत रोज ऐकते. एका पेटीत २४ आंबे, अशा १५ पेट्या, त्यांतले ३६ आंबे नासले, तर चांगले किती? मुलाला २४ गुणिले १५ येतं, ३६०मधून ३६ वजाही करता येतात. पण गणित त्याने स्वतः कधी वाचलेलंच नसतं, कारण घरी आई वाचते आणि "आता गुण" म्हणते. चाचणीत शेजारी आई नसते. पेन्सिल हातात घेण्याआधी मुलाला गणितातली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा: आंबे कुठे आहेत, किती गेले, काय विचारलंय. वेळ लागतो, लागू द्या. युक्त्या आणि झटपट पद्धती शिकवणाऱ्या क्लासवर माझा अजिबात विश्वास नाही.

सुट्टीत पुढचा अभ्यासक्रम उरकणं

२०२३-२४पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. तेव्हापासून पालकांची घाई फार वाढली आहे. सुट्टीत सहावीचं गणित अर्धं उरकून आलेली मुलं जूनमध्ये "हे झालंय आमचं" म्हणून खिडकीबाहेर बघत बसतात. सुट्टीत पाढे पक्के करा, गोष्टीची पुस्तकं वाचू द्या, किराणा आणायला पाठवा आणि हिशेब घ्या.

बारीकसारीक वाटणाऱ्या गोष्टी

गाईड पाठ्यपुस्तकाआधी घरात आणू नका. सकाळची शाळा असेल तर रात्री दहानंतर टीव्ही बंद, मोठ्यांचासुद्धा.

शाळेतल्या स्वच्छतागृहात जायचं टाळण्यासाठी पाणीच न पिणाऱ्या मुली दर वर्गात असतात. रिकामी नव्हे, भरलेली बाटली घरी परत येते का ते बघा. येत असेल तर मुलीला रागावू नका, शाळेत येऊन स्वच्छतागृहाबद्दल बोला.

पाचवी-सहावीत काही मुलींना पहिली पाळी शाळेतच येते. काय होतंय ते माहीत नसेल तर मुलगी घाबरून रडत बसते, पोटात दुखतंय एवढंच सांगते. आईने, आई नसेल तर मावशी-आत्याने, पाचवीतच मोकळेपणाने सांगून ठेवावं. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड आणि जास्तीची चड्डी पिशवीत घालून ठेवा, आणि शाळेत कुठल्या बाईंकडे जायचं ते तिला नावानिशी सांगा.