नर्स प्रॅक्टिशनर व्हायचे असेल, तर आधी रुग्ण ठरवा

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंग करून अमेरिकेत आलेल्या आणि एनक्लेक्स ही परिचारिकेच्या परवान्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन काही वर्षे वॉर्डात काढलेल्या परिचारिका मला वरचेवर विचारतात, की नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून निदान करणारी आणि औषधे लिहून देणारी प्रगत परिचारिका, होण्यासाठी कोणत्या विद्यापीठात अर्ज करावा. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पदवी मिळाल्यावर आपल्याला कोणते रुग्ण आणि कोणत्या अवस्थेतले रुग्ण तपासायचे आहेत, हा पहिला प्रश्न. कारण ही पदवी आणि तिच्यावर मिळणारा परवाना ठरावीक रुग्णगटापुरताच असतो.

शिक्षणाची चौकट बहुतेकींना ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात सांगते. आधी नोंदणीकृत परिचारिकेचा परवाना, त्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट, त्यात प्रगत पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि शारीरिक तपासणी हे तीन पायाभूत विषय, मग क्लिनिकल तास (देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण तपासत शिकण्याचे तास), राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा आणि शेवटी राज्याचा परवाना. क्लिनिकल तासांची किमान अट पूर्वी ५०० होती. २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनी ती थेट रुग्णसेवेच्या ७५० तासांवर नेली, तेव्हा आधी शिकून गेलेल्या मैत्रिणींच्या हिशेबावर आपल्या ड्युट्या आखू नयेत. जी.एन.एम. ही पदविका झालेल्यांनी मास्टर्सच्या आधी पदवीचा किंवा ब्रिज अभ्यासक्रमाचा टप्पा गृहीत धरावा. तो चुकवण्याची युक्ती सांगणाऱ्या एजंटाला एक पैसाही देऊ नये.

आता ज्या खड्ड्यात मी स्वतः अडकले, त्याविषयी सविस्तर लिहिते. २००८ च्या कन्सेन्सस मॉडेलने, म्हणजे प्रगत परिचारिकांच्या परवान्याविषयीच्या राष्ट्रीय आराखड्याने, सहा रुग्णगट ठरवले : कुटुंब, प्रौढ व वृद्ध, बालक, नवजात अर्भक, स्त्री-आरोग्य आणि मानसिक आरोग्य. यांपैकी प्रौढ आणि बालक या दोन गटांना पुन्हा दोन फाटे आहेत, एक प्राथमिक सेवेचा आणि दुसरा अॅक्यूट केअरचा, म्हणजे प्रकृती गंभीर किंवा अस्थिर असलेल्या रुग्णांच्या सेवेचा. कुटुंब म्हणजे एफएनपी (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर) हा गट प्राथमिक सेवेचा आहे. त्यात तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळे वयोगट येतात, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो, कारण सगळी वये आली म्हणजे सगळे आजारही आले असे वाटू लागते. मी आयसीयूत काम करणारी. नोकरी सांभाळून करता येईल असा एफएनपीचा अभ्यासक्रम मिळाला, आणि माझ्या वरिष्ठ परिचारिकेनेही सांगितले, की आयसीयू तर तुला येतेच, पदवी कोणतीही चालेल. प्रमाणपत्र हाती आल्यावर मी आमच्याच युनिटमधील रात्रपाळीच्या नर्स प्रॅक्टिशनरच्या जागेसाठी अर्ज केला. प्रिव्हिलेजेसच्या, म्हणजे रुग्णालयात कोणती कामे करण्याची मुभा हवी त्याच्या, फॉर्मवर सेंट्रल लाइन, आर्टिरियल लाइन (मोठ्या शिरेत आणि धमनीत नळी घालणे), व्हेंटिलेटरचे व्यवस्थापन अशा ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे एकच रकाना होता : पदव्युत्तर शिक्षणात हे कोठे शिकलात. बेडसाइडच्या अनुभवासाठी तिथे रकानाच नव्हता. अर्ज परत आला.

रुग्णालय नियमाने वागले होते. परिचारिका म्हणून मिळवलेला अनुभव कितीही पक्का असला, तरी नर्स प्रॅक्टिशनरची कार्यकक्षा तिच्या त्या भूमिकेच्या औपचारिक शिक्षणावरून आणि प्रमाणपत्रावरून ठरते. शिवाय रुग्ण कोणत्या विभागात आहे यावरून ती ठरत नाही, रुग्णाच्या अवस्थेवरून ठरते. साठीचा मधुमेही गृहस्थ क्लिनिकमध्ये येतो, त्याचे एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतील सरासरी साखर) वाढलेले असते, आपण मेटफॉर्मिनचा डोस बदलतो आणि पायांची तपासणी करतो. हे एफएनपीचे काम आहे. तोच गृहस्थ कीटोअॅसिडोसिसमध्ये, म्हणजे मधुमेह बिघडून रक्तात आम्ल साचलेल्या अवस्थेत, इमर्जन्सीत आला, त्याचा रक्तदाब ढासळू लागला आणि इन्सुलिनचे ड्रिप तासातासाला जुळवायचे असले, तर तो अॅक्यूट केअरचा रुग्ण झाला. त्याच इमर्जन्सीत मुरगळलेला पाय किंवा घसादुखी घेऊन आलेला रुग्ण मात्र एफएनपीने खुशाल पाहावा. उलट बाजूही लक्षात घ्या : प्रौढांच्या अॅक्यूट केअरचे प्रमाणपत्र घेतले, तर लहान मुले तपासता येत नाहीत.

हे वाचून एफएनपी करणाऱ्यांनी धास्ती घेऊ नये. देशातील बहुसंख्य नर्स प्रॅक्टिशनर एफएनपीच आहेत, आणि ज्यांना बाह्यरुग्ण विभाग आवडतो त्यांच्यासाठी यापेक्षा चांगला मार्ग मला दिसत नाही. ज्यांची दिशा चुकली असेल, त्यांच्यासाठी पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेटचा मार्ग खुला आहे. पायाभूत विषय सहसा पुन्हा करावे लागत नाहीत. क्लिनिकल तास आणि परीक्षा मात्र नव्याने द्यावी लागते. मी तेच केले. खर्च झाला, घरची ओढाताण झाली, पण मार्ग निघाला.

परवान्यानंतर काय करता येते, हे प्रत्येक राज्याचा कायदा सांगतो. वॉशिंग्टन किंवा अॅरिझोनात नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे निदान करते आणि औषधे लिहून देते. मी राहते त्या टेक्साससारख्या राज्यात औषधे लिहिण्यासाठी डॉक्टरशी लेखी करार लागतो, दर महिन्याला त्याच्याबरोबर गुणवत्तेच्या आढाव्याची बैठक घ्यावी लागते, आणि एका डॉक्टरला साधारणपणे सातच जणांशी असे करार करता येतात. शेड्यूल दोनमधील, म्हणजे मॉर्फिनसारखी, औषधे इथे केवळ रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा इमर्जन्सीतल्या रुग्णांना आणि हॉस्पिसमध्ये, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांच्या सेवेत, लिहिता येतात. नोकरीचे पत्र स्वीकारण्यापूर्वी हा करार कोणाशी होणार, तो डॉक्टर सोडून गेल्यास काय, आणि कराराचे पैसे कोण भरणार, हे लेखी मागून घ्या. तोंडी आश्वासनाला इथे काडीची किंमत नाही.

प्रिसेप्टर, म्हणजे क्लिनिकल तासांत हाताखाली घेऊन शिकवणारी अनुभवी व्यक्ती, यांच्याविषयी माझे मत काहींना कडवट वाटेल. अनेक विद्यापीठे पूर्ण फी घेऊनही प्रिसेप्टर शोधण्याचे काम विद्यार्थिनीवर टाकतात आणि मग पैसे घेऊन जोडी जुळवून देणारे मध्यस्थ पुढे येतात. प्रवेशापूर्वीच विचारावे, की जागा तुम्ही लावून देणार की मी शोधायची. उत्तर गुळमुळीत आले, तर दुसरे विद्यापीठ पाहावे. आणि प्रिसेप्टर निवडायची संधी मिळालीच, तर नामांकित पण सदा घाईत असलेल्या डॉक्टरपेक्षा सामान्य क्लिनिकमधली अनुभवी नर्स प्रॅक्टिशनर निवडावी. माझ्या अशा प्रिसेप्टरबाई प्रत्येक रुग्णानंतर दार लावून घेत आणि विचारत, 'आणखी कोणती दोन निदाने असू शकली असती?' सुरुवातीला मला घाम फुटायचा.

डॉक्टरेट सक्तीची झाली आहे, असे सांगून महाग अभ्यासक्रम गळ्यात मारणारे बरेच भेटतील. २००४ मध्ये नर्सिंग महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ पर्यंत डीएनपी (नर्सिंगमधील डॉक्टरेट) ही प्रवेशपातळी व्हावी अशी शिफारस केली होती. ती कायदा झाली नाही, आणि आजही मास्टर्सवर परवाना मिळतो. भूल देणाऱ्या परिचारिकांच्या शाखेत मात्र डॉक्टरेट आता खरोखरच लागते, त्यामुळे ऐकीव माहितीत या दोन्हींची सरमिसळ होते. परवान्याच्या बाबतीतही तसेच होते : परिचारिकेचा बहुराज्यीय परवाना टेक्सास आणि अॅरिझोना दोन्हीकडे चालतो, परंतु नर्स प्रॅक्टिशनरचा परवाना प्रत्येक राज्यात वेगळा काढावा लागतो, म्हणून नवऱ्याची बदली दिसत असेल तर त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज आधीच करून ठेवावा.