वस्तुसंग्रहालयातील उन्हाळी इंटर्नशिप : या चुका टाळा

पदव्युत्तर अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आल्यापासून इतिहास, पुरातत्त्व आणि दृश्यकला या विषयांचे विद्यार्थी उन्हाळ्यात वस्तुसंग्रहालये व अभिलेखागारे यांच्याकडे पूर्वीपेक्षा अधिक वळू लागले आहेत. सहा-आठ आठवड्यांची ही उमेदवारी वाया जाते तेव्हा ज्ञान कमी पडले असे क्वचितच असते. बहुधा काहीतरी डोळ्यांत भरेल असे करून दाखवण्याची घाई नडते.

अर्जातली चूक थोडक्यात सांगतो. मुंबईतील एक-दोन मोठ्या संग्रहालयांना ‘मला इतिहासाची आवड आहे’ एवढे कळवून विद्यार्थी वाट पाहत बसतात. आवड सर्वांनाच असते. मोडी वाचता येते का, वस्तूचे मोजमाप घेता येते का, मराठी टंकलेखन येते का, हे अर्जात लिहावे आणि औंधचे श्री भवानी संग्रहालय किंवा तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय यांसारख्या मोठ्या शहरांबाहेरच्या ठिकाणांचाही विचार करावा. जिथे माणसे कमी असतात तिथे विद्यार्थ्याच्या वाट्याला प्रत्यक्ष काम लवकर येते, असे माझे मत आहे.

खरे नुकसान होते ते क्रमांकाच्या बाबतीत. संग्रहालयातील प्रत्येक वस्तूला नोंदवहीतील परिग्रहण क्रमांक असतो आणि ती वस्तू कोठून आली, कोणी दिली, केव्हा आली ही सारी माहिती त्या क्रमांकालाच बांधलेली असते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे २०,००० वस्तू आहेत आणि त्यांत दिवे, अडकित्ते अशा एकाच जातीच्या वस्तू पुष्कळ आहेत. अशा संग्रहात एका अडकित्त्याची चिठ्ठी सुटली, तर तो शाबूत असूनही हरवल्यासारखाच होतो. माझ्या स्वतःच्या उमेदवारीत मी पाच लोटे टेबलावर मांडून, पुसताना अडथळा नको म्हणून त्यांच्या दोऱ्याच्या चिठ्ठ्या सोडून ठेवल्या आणि मग उकडते म्हणून पंखा लावला. जुन्या नोंदवहीत वजने तोळ्यांत लिहिलेली होती. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम असा हिशेब करून तीन लोट्यांची ओळख पटली. उरलेल्या दोघांचे वजन इतके सारखे निघाले की त्यांच्या नोंदीपुढे आजही प्रश्नचिन्ह असेल.

असा प्रसंग आलाच तर अंदाजाने क्रमांक जोडू नये. वस्तूला ‘ओळख अनिश्चित’ अशी तात्पुरती चिठ्ठी बांधावी, त्याच दिवशी अभिरक्षकांना (क्युरेटरना) सांगावे आणि मग उंची, व्यास, वजन व जुनी छायाचित्रे नोंदवहीशी ताडून पाहावीत. चुकीचा क्रमांक हा क्रमांक नसण्यापेक्षा वाईट असतो, कारण त्यावर पुढे कोणी शंका घेत नाही. क्रमांक घालण्याचे काम मिळाले, तर बॉलपेन आणि चिकटपट्टी दूर ठेवावी. धातू किंवा भाजक्या मातीच्या वस्तूवर सामान्यतः पॅरालॉईड बी-७२ या राळेचा ॲसिटोनमध्ये विरघळवलेला पातळ थर देतात, त्यावर बारीक अक्षरांत क्रमांक लिहितात आणि वर पुन्हा थर देतात, म्हणजे गरज पडल्यास तो काढता येतो. कापडाला क्रमांकाची सुती फीत टाक्याने जोडतात, तर कागदावर मऊ पेन्सिलीने लिहितात.

हातमोज्यांविषयीही गैरसमज फार आहे. वर्तमानपत्रातील छायाचित्रांत हस्तलिखिताभोवती पांढरे सुती मोजे हटकून दिसतात, परंतु त्या मोज्यांत बोटांना स्पर्श कळत नाही आणि जीर्ण कागदाच्या कडा अडकून फाटतात. कागदासाठी स्वच्छ धुऊन कोरडे केलेले हात बरे. धातूला मात्र नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे हवेत, कारण घामातील क्षारांमुळे बोटांचे ठसे पृष्ठभागावर कायमचे उमटू शकतात. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांवर आणि पक्ष्यांवर पूर्वी आर्सेनिकचा लेप देत असत, म्हणून त्यांना मोजे व मास्क यांशिवाय हात लावू नये.

दिवा काळा दिसला की तो चिंच-मिठाने लख्ख करावा, असे घरच्या सवयीने वाटते. संग्रहालयातील दिव्यावरची काजळी आणि तेलाचा थर हा तो वापरात होता याचा पुरावा असतो आणि आम्लाने धातूचाही थर निघतो. तांब्या-काशाच्या वस्तूवरचा एकजीव, गुळगुळीत, गडद थर बहुधा स्थिर असतो, मात्र फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके दिसले तर ती क्लोराइडमुळे चाललेली झीज असू शकते. तेव्हा वस्तू घासू नये. संवर्धकाला कळवावे आणि त्यांच्या सल्ल्याने ती सिलिका जेल (ओल शोषून घेणारे खडे) घातलेल्या बंद डब्यात वेगळी ठेवावी. तुकडा निखळला तर झटपट चिकटणारा गोंद खिशातून बाहेर काढण्याआधी छायाचित्र घ्यावे, सगळे कण एका पाकिटात गोळा करावेत आणि घडले ते लपवू नये.

अभिलेखागारात काम करणाऱ्यांची अडचण निराळी असते. पेशवे दफ्तराचे कागद रुमालांत बांधलेले असतात आणि ते कोणत्या क्रमाने बांधले आहेत हीदेखील माहितीच असते, म्हणून सोयीसाठी त्यांची विषयवार फेरमांडणी करू नये. तारखांचे रूपांतर तर सर्वाधिक चुकते. शकात सरसकट ७८ मिळवणारा विद्यार्थी शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी ही पानिपतच्या लढाईची तिथी १७६० मध्ये नोंदवून मोकळा होतो. प्रत्यक्षात तो दिवस १४ जानेवारी १७६१ हा आहे, कारण जानेवारीपासून शक संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. मराठेशाहीच्या कागदांत अरबी संख्यानामांनी लिहिल्या जाणाऱ्या सुहूर सनाचेही तसेच. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १, ६०, १०० आणि १००० मिळून ११६१. हा सन मृगाला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि त्यानंतर पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. पौषासारखा महिना दोन इसवी सनांत विभागला जातो, तेव्हा जंत्री, म्हणजे तिथी-तारखांचे तयार कोष्टक, पाहण्याला पर्याय नाही. नोंद करताना कागदावरील मूळ तिथी एका रकान्यात जशीच्या तशी उतरवावी आणि रूपांतरित तारीख दुसऱ्या रकान्यात लिहावी. मूळ तिथी गाळून केवळ इसवी सन लिहिला, तर झालेली चूक पुढे कोणालाही पकडता येत नाही.

‘सुंदर पुरातन दिवा’ असले वर्णन नोंदीत कामाचे नाही. धातू, घडवण्याची रीत, सेंटिमीटरमधील मापे, तडा कोठे आहे, कोणता भाग नाही, हे लिहावे. छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी आणि भांडारगृहाची, कपाटांची, कुलपांची छायाचित्रे कधीच टाकू नयेत.

इंटर्नशिपचे शेवटचे दिवस बहुधा पहिल्या पावसात येतात. हवेतील आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरू लागते, म्हणून भिंतीला टेकलेली कपाटे आणि खालचे कप्पे त्या दिवसांत रोज पाहावेत. बुरशी दिसल्यास ती झटकू नये, तर वस्तू वेगळी करून कळवावे. प्रमाणपत्रासाठी लिहिलेला अहवाल महाविद्यालयात जातो, संग्रहालयात राहते ते आपण मागे ठेवलेले टिपण. कोणत्या कप्प्यातील कोणत्या क्रमांकापर्यंत काम झाले, कोणत्या नोंदी शंकास्पद आहेत आणि त्या शंका का आल्या, हे त्यात लिहून ते नोंदवहीसोबत ठेवावे.