‘कोजंट’ नेमका कुठे वापरायचा

इंग्लिशमधल्या cogent या शब्दाचा आधी उच्चार बघा, कारण तिथेच घोळ होतो. स्पेलिंगमध्ये जी असला तरी उच्चार कोजंट, जोर ‘को’वर, कॉगंट नव्हे. मुळात लॅटिन कोगेरे, म्हणजे एकत्र हाकत आणणं, भाग पाडणं. म्हणजे मुद्दे असे मांडलेत की समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागाच राहत नाही.

मराठीत एकच शब्द शोधत बसू नका. पेपरात रोज येतं ना, ‘सबळ पुराव्याअभावी निर्दोष सुटका’, तो सबळ म्हणजे कोजंट एव्हिडन्स. आणि वकिलाचा बिनतोड युक्तिवाद म्हणजे कोजंट आर्ग्युमेंट. गोव्यात पर्वरीला हायकोर्टात जाणाऱ्यांना ‘कोजंट रीझन्स’ हे निकालपत्रात वाचून पाठ असेल.

हा शब्द कारणं, पुरावा, युक्तिवाद यांनाच शोभतो. बीचचा सनसेट कोजंट नसतो, पिक्चरही नाही, पिक्चर कंपेलिंग असू शकतो कारण तो खेचून धरतो, त्याला कारणं द्यावी लागत नाहीत. कन्व्हिन्सिंग तर थापही असते, निवडणुकीत बघतोच आपण! कोहेरंट म्हणजे फक्त सुसंगत, गोष्ट नीट जुळते पण त्यातून काही सिद्ध होईलच असं नाही.

आता समजा गावात कोणीतरी शेतात मातीचे ट्रक ओततोय आणि तुम्ही पंचायतीला इंग्लिशमधून अर्ज करताय. ‘धिस इज व्हेरी बॅड, प्लीज स्टॉप इमिजिएटली’ एवढंच लिहिलं तर तो नुसता राग झाला, फाईलला लागून पडून राहणार. त्याऐवजी सर्वे नंबर द्या, मोरी कुठे बुजली ते लिहा, पावसात पाणी कुणाच्या अंगणात शिरलं त्याचे तारखेसकट फोटो जोडा, आणि सखल जमीन परवानगीशिवाय भरता येत नाही म्हणून गोव्याच्या नगरनियोजन कायद्याचं कलम १७-ए दाखवा, म्हणजे प्रत्येक ओळ पुढच्या ओळीला धक्का देते. हे झालं कोजंट ऑब्जेक्शन.

पण अर्जात स्वतःच ‘माय कोजंट ऑब्जेक्शन’ लिहू नका हां, ते आपणच आपल्याला हुशार म्हटल्यासारखं दिसतं. तो शब्द दुसऱ्याच्या मुद्द्याला लावायचा: ‘द व्हिलेजर्स हॅव रेझ्ड कोजंट ऑब्जेक्शन्स’. किंवा उलटून विचारायला, आणि तिथे तर तो मस्तच बसतो: ‘नो कोजंट रीझन हॅज बीन गिव्हन फॉर द डिले’. उत्तर देणाऱ्याला मग कारण शोधावंच लागतं.

नाम हवं तर कोजन्सी, क्रियाविशेषण कोजंटली, जसं ‘शी आर्ग्यूड कोजंटली’. व्हेरी कोजंट चालतं. माणसालाच कोजंट म्हणणं क्वचित दिसतं, मी तरी टाळतो.